अनुभव नसताना हिशेबाच्या कामातली पहिली नोकरी कशी मिळवावी?

प्रश्न | उदगीरची पदवीधर

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील उदगीरची रहिवासी असून माझे वय २४ आहे. २०२२ साली मी बी. कॉम. ६३ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले आणि लगेच सरळसेवा भरतीच्या अभ्यासाला लागले. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, त्यांतला एक माझा होता. त्यानंतर आणखी दोन परीक्षा दिल्या, पण निवड झाली नाही. वडिलांची चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. घरातून मला कोणी एका शब्दाने बोललेले नाही, परंतु भावाच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च समोर दिसत असताना आणखी एक वर्ष अभ्यासिकेत बसणे मला योग्य वाटत नाही, म्हणून आता नोकरी धरायचीच असे मी ठरवले आहे.

गेल्या चार महिन्यांत मी हिशेबनीस, बिलिंग, अकाउंट्स असिस्टंट अशा पदांसाठी पन्नासेक अर्ज पाठवले. जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत एक ते दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. दोनच ठिकाणांहून फोन आले. पहिल्या ठिकाणी 'टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर प्रत्यक्ष काम केले आहे का' असे विचारले आणि मी 'तीन महिन्यांचा कोर्स केला आहे' असे सांगताच बोलणे संपले. दुसऱ्या ठिकाणी 'पदवीनंतरची तीन वर्षे काय करत होता' हा प्रश्न आला, त्याचे उत्तर देताना माझाच आवाज पडला.

माझे प्रश्न असे आहेत. अनुभव नसलेल्या व्यक्तीने नेमकी सुरुवात कोठून करावी? पुण्यातील एका मध्यस्थाने १२,००० रुपये भरल्यास एका कंपनीत निश्चित नोकरी देतो असे सांगितले आहे, तर ते भरावेत का? एका मैत्रिणीने ओळखीच्या दुकानातून दोन वर्षांचे अनुभव प्रमाणपत्र घेण्याचे सुचवले आहे. मला ते पटत नाही, पण इतर सगळे असेच करतात असे ती म्हणते. शेवटचा प्रश्न असा की, आधी पुण्याला जाऊन राहावे आणि मग शोध घ्यावा, की येथूनच प्रयत्न करावा?


उत्तर १ | करसल्लागार, लातूर

तुमच्या मधल्या दोन प्रश्नांचा निकाल आधी लावतो, कारण त्यांत फार विचार करण्यासारखे काही नाही. बारा हजार रुपये देऊ नका. ज्याला माणूस हवा आहे तो उमेदवाराकडून पैसे मागत नाही. खोटे प्रमाणपत्रही घेऊ नका. नीती बाजूला ठेवली तरी आमच्या व्यवसायात ते टिकत नाही, कारण ज्या दुकानाचे नाव तुम्ही लिहाल त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की नोंदणी कोणत्या तारखेची, चालू आहे की रद्द झालेली, हे कोणालाही दिसते. आणि प्रमाणपत्र खरे वाटले तरी पहिल्याच दिवशी हातात बिलांचा गठ्ठा दिल्यावर दोन वर्षांचा अनुभव आहे की नाही ते अर्ध्या तासात कळते.

आता मुख्य गोष्ट. आम्ही अनुभव का मागतो हे तुम्हाला समजले, तर त्याची उणीव कशी भरून काढायची हेही समजेल. माझ्या कार्यालयात सात जण काम करतात. नवीन व्यक्ती आली की पहिले तीन-चार महिने तिच्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्या कोणाला तरी नजर ठेवावी लागते. नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेली विक्री चुकून किरकोळ विक्रीत दाखवली गेली, तर त्या व्यापाऱ्याच्या २बी विवरणात, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, ते बिल येत नाही, त्याला त्या बिलावरच्या कराची वजावट घेता येत नाही, तो आमच्या अशिलाचे पैसे अडवून धरतो आणि अशील मला फोन करतो. एका नोंदीची किंमत एवढी असते. दुसरी भीती अशी की, आम्ही सहा महिने खपून शिकवावे आणि नेमके शिकून झाल्यावर माणसाने दुसरीकडे जावे. जाहिरातीतल्या 'एक वर्ष अनुभव' या शब्दांच्या मागे या दोनच भीती असतात. त्या कमी करणारा उमेदवार समोर बसला, तर कोरी पाटी असूनही मी त्याला घेतो आणि आजवर घेतलेही आहे.

त्यासाठी तुम्ही पुढील काम करावे. तुमच्या नात्यातले किंवा ओळखीचे कोणाचे तरी हार्डवेअरचे, कापडाचे किंवा शेती-औषधांचे दुकान उदगीरात असेलच. त्यांच्याकडून मागील एका महिन्याची खरेदी-विक्रीची बिले, बँकेचा उतारा आणि त्या महिन्याचे २बी विवरण मागून घ्या. ही कागदपत्रे विश्वासाने दिलेली असतात, म्हणून त्यांचे फोटो काढून कोणाला पाठवू नका आणि काम झाल्यावर जशीच्या तशी परत करा. टॅली प्राइमची शैक्षणिक आवृत्ती परवाना न घेता वापरता येते. तिच्यात महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि अखेरच्या तारखेच्याच नोंदी करता येतात, परंतु सरावाला तेवढे पुरेसे आहे. सगळी बिले एक तारखेला टाका आणि खरी तारीख शेऱ्यात लिहा. मग बँक मेळ घाला, म्हणजे दिलेले पण न वटलेले धनादेश कोणते, बँकेने परस्पर कापलेले शुल्क किती, हे शोधून दोन्ही शिल्लक जुळवा. शेवटी खरेदीची नोंदवही आणि २बी समोरासमोर ठेवून कोणती बिले पुरवठादाराने दाखवलेलीच नाहीत त्यांची यादी करा. कोर्समध्ये तयार उदाहरणे असतात आणि ती नेहमी जुळतात. खऱ्या दुकानाचा हिशेब पहिल्या खेपेला कधीच जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हे शोधणे हेच आमचे रोजचे काम आहे.

ही यादी आणि बँक मेळाचा कागद घेऊन करसल्लागारांच्या किंवा सनदी लेखापालांच्या कार्यालयांत प्रत्यक्ष जा. ई-मेलवर पाठवलेले अर्ज आमच्यासारखी लहान कार्यालये बहुधा उघडतही नाहीत, हे मी खेदाने मान्य करतो. कधी जावे यालाही महत्त्व आहे. टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा, भरणा ७ तारखेपर्यंत असतो, दरमहा विवरण भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरण ११ तारखेपर्यंत जाते, २बी १४ तारखेला तयार होते आणि ३बी हे कर भरण्याचे विवरण २० तारखेपर्यंत भरावे लागते. या तारखांच्या तोंडावर आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहायलाही आम्हाला सवड नसते. २१ तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत गेलात तर बसायला खुर्ची मिळेल आणि तुमचे म्हणणे ऐकून घेतले जाईल. वर्षाचा विचार केला तर जून ते ऑक्टोबर हा आयकर विवरणांचा आणि लेखापरीक्षणाचा हंगाम असतो आणि त्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, बहुतेक कार्यालये जादा हात शोधत असतात.

मुलाखतीत मी पाठांतराचे प्रश्न विचारत नाही. उदगीरच्या व्यापाऱ्याने नांदेडच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल पाठवला आणि तोच माल बिदरच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला पाठवला, तर दोन बिलांत फरक काय पडेल, एवढे विचारतो. नांदेडच्या बिलावर केंद्र आणि राज्य असे दोन कर निम्मे-निम्मे लागतील, आणि बिदर कर्नाटकात असल्यामुळे तेथे एकत्रित आयजीएसटी लागेल. पदवीधरांपैकी बरेच जण येथेच अडखळतात, कारण त्यांनी व्याख्या वाचलेली असते पण बिल पाहिलेले नसते. तुम्ही सीमेवरच्या तालुक्यात राहता, तेव्हा दोन्ही प्रकारची बिले तुमच्या बाजारपेठेत रोज फाटतात, ती पाहून घ्या.

पगाराबाबतही स्पष्ट लिहितो. माझ्याकडे नव्या व्यक्तीला पहिले सहा महिने ८,००० रुपये मिळतात. ही रक्कम फार नाही याची मला जाणीव आहे, पण घरी राहून ती मिळत असेल तर पुण्यात खोलीभाडे देऊन मिळणाऱ्या १४,००० रुपयांपेक्षा हाती थोडेच कमी उरते, आणि वर्षभरात चाळीस-पन्नास वेगवेगळ्या धंद्यांचे हिशेब नजरेखालून जातात.


उत्तर २ | मनुष्यबळ विभाग, भोसरी

वरील उत्तरातील मधल्या दोन मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढीच भर घालते की, गेट पास, गणवेश, लॅपटॉपची अनामत, कागदपत्र पडताळणी अशा कोणत्याही नावाने मागितलेले पैसे हे त्याच १२,००० रुपयांचे दुसरे रूप आहे. पैसे ऑनलाइन गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र मात्र कोणाकडेही ठेवून येऊ नये. दाखवावे, छायाप्रत द्यावी आणि मूळ प्रत परत घ्यावी.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात भरतीचे काम पाहते. तुम्ही ज्या पदांना अर्ज करत आहात त्या पदांसाठी आमच्याकडे खरोखरच अनुभवी माणूस लागतो, कारण त्या टेबलावर बसणाऱ्याला शिकवणारे कोणी नसते. त्यामुळे तुमचे पन्नास अर्ज नाकारले गेले यात तुमच्या योग्यतेचा निवाडा झाला असे समजू नका. नवशिक्या वाणिज्य पदवीधरासाठी आमच्या औद्योगिक वसाहतीत दरवाजे वेगळे असतात. स्टोअरमध्ये आलेल्या मालाची आवक नोंदवणे, डिस्पॅचमध्ये डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन परवाना) तयार करणे, जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्या कारखान्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी, बाहेर गेलेला माल परत आला की नाही याचा ताळा ठेवणे, या जागा 'स्टोअर असिस्टंट' किंवा 'डिस्पॅच क्लार्क' या नावाने निघतात, आणि अकाउंट्सचा शिक्का नसल्यामुळे वाणिज्य शाखेच्या मुली त्यांच्याकडे पाहतच नाहीत. आमच्या अकाउंट्समधील दोघी जणी डिस्पॅचमधूनच तेथे गेल्या आहेत, कारण बिलाच्या आधीचे सगळे कागद त्यांनी हाताळलेले होते.

दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आहे आणि तो तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. शिकाऊ उमेदवारी म्हटले की आयटीआय झालेली मुलेच डोळ्यांसमोर येतात, परंतु १९६१ च्या प्रशिक्षणार्थी कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही त्यात घेता येते. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के प्रशिक्षणार्थी घेणे बंधनकारक आहे. म्हणजे तुम्हाला घेणे हा कंपनीसाठी उपकार नसून कायद्याची पूर्तता असते. राष्ट्रीय प्रशिक्षणार्थी पोर्टलवर नोंदणी करून वाणिज्य पदवीधरांच्या जागा शोधता येतात. उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाची अट प्रत्येक जाहिरातीत वाचून घ्यावी. सरकारी बँकाही असे पदवीधर प्रशिक्षणार्थी घेतात. भारतीय स्टेट बँकेने २०२३ साली देशभरात ६,१६० जागा काढल्या होत्या, वयोमर्यादा २० ते २८ वर्षे होती आणि विद्यावेतन दरमहा १५,००० रुपये होते. त्या भरतीत स्थानिक भाषेची चाचणी होती, आणि दहावी किंवा बारावीला ती भाषा विषय म्हणून असल्यास चाचणीतून सूटही होती. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला याचा सरळ फायदा होतो.

या मार्गाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षणार्थी हा कामगार नसतो, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. तरीही वर्ष संपल्यावर मिळणारे प्रमाणपत्र खरे असते, आणि आमच्यासारखे लोक ते अनुभव म्हणून धरतात.

तीन वर्षांच्या खंडाबद्दल तुम्ही लाजू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. माझ्यासमोर दर आठवड्याला अशी मुले येतात आणि बहुतेक जण ती वर्षे लपवण्याचा प्रयत्न करतात. मग 'घरी अडचण होती' असे काहीतरी मोघम ऐकायला मिळते आणि शंका उलट वाढते. 'तीन वर्षे सरळसेवेची तयारी केली, अमुक परीक्षा दिल्या, निवड झाली नाही, आता तो मार्ग मी थांबवला आहे' अशी चार वाक्ये ठामपणे सांगा. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ऐकणाऱ्याला तुमचा भूतकाळ नको असतो, पुढच्या जाहिरातीनंतर तुम्ही काम सोडून अभ्यासिकेत परत जाणार की काय, हे जाणून घ्यायचे असते. तुमचा निर्णय खरोखर झालेला नसेल, तर मात्र तसे सांगू नका.


उत्तर ३ | परभणीचा हिशेबनीस

ताई, मी तुमच्याच वाटेने चार वर्षांपूर्वी गेलो आहे, म्हणून माझ्या हातून जे चुकले ते सविस्तर लिहितो.

बी. कॉम. झाल्यावर मी आमच्या गावाजवळच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीमजींच्या हाताखाली राहिलो. दसरा ते डिसेंबर सोयाबीनची आवक असे, तेव्हा पहाटेपासून रात्रीपर्यंत पट्ट्या लिहाव्या लागत. शेतकऱ्याच्या मालाचे वजन, भाव, हमाली-तोलाईची वजावट आणि हातात द्यायची रक्कम या पट्टीवर असते, आणि एक आकडा चुकला तर समोर उभा असलेला शेतकरी तो लगेच दाखवतो. रोजकीर्द, खतावणी, उधारी, व्याजाची आकारणी हे सगळे मी तेथे शिकलो आणि महाविद्यालयात जे समजले नव्हते ते सहा महिन्यांत समजले. दीड वर्षाने बाहेर पडलो तेव्हा मात्र माझ्याकडे त्या कामाचा एकही कागद नव्हता. पगार रोखीने मिळत होता. नेमणुकीचे पत्र नव्हते. प्रमाणपत्र मागितले तेव्हा मालकांनी 'पुढे बघू' असे म्हटले आणि मी काम सोडल्याचा राग मनात धरून शेवटपर्यंत दिले नाही. दीड वर्ष काम करूनही पुण्यात मी अनुभव नसलेलाच ठरलो.

म्हणून पगार कितीही कमी असला तरी तो बँक खात्यात जमा व्हावा, असे पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगा. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी, २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा खातेक्रमांक, मिळतो आणि त्याच्या पासबुकात प्रत्येक महिन्याची नोंद राहते, जी कोणालाही नाकारता येत नाही. करसल्लागारांचे कार्यालय लहान असते, तेथे हे दोन्ही मिळणार नाही. अशा वेळी दर महिन्याला 'वेतन' असा उल्लेख असलेली बँकेतली जमा हाच तुमचा पुरावा असतो. रुजू होताना लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र मागून घ्या. सोडून जाताना मागितलेला कागद मिळणे अवघड असते, येताना मागितलेला सहज मिळतो.

माझे गाडे पुढे कसे सरकले तेही सांगतो. आमच्या आडतीचे हिशेब जे करसल्लागार पाहत असत, त्यांनी माझे काम प्रत्यक्ष पाहिले होते. मी त्यांच्याकडे जाऊन सगळी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागातल्या एका व्यापाऱ्याला माझ्याबद्दल फोन केला. हिंजवडी आणि खराडीच्या कंपन्यांत मी तोवर तीस अर्ज केले होते आणि तेथे पट्टी, कडता, तोलाई हे शब्द कोणालाच माहीत नव्हते. मार्केट यार्डात पहिल्या पाच मिनिटांत मालकांना कळले की मला धंदा समजतो. आपल्याला जे येते त्याची जेथे किंमत आहे तेथे आधी जावे, ही गोष्ट मला उशिरा कळली.

पुण्याला आधी जाऊन राहण्याबद्दल म्हणाल तर मी नको असेच सांगेन. मी गेलो होतो. कॉट बेसिसवर जागा घेतली, मेस लावली, आणि तीन महिन्यांत घरून आणलेले पैसे संपले. त्यानंतर जी पहिली नोकरी समोर आली ती मी नाइलाजाने धरली आणि दोन महिन्यांत सोडली. मुलाखत ठरली की जाऊन यावे, नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर बिऱ्हाड हलवावे.


उत्तर ४ | माजी कार्यप्रशिक्षणार्थी, नांदेड

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांना महास्वयम् पोर्टलवरून सहा महिन्यांसाठी आस्थापनांत पाठवले जात असे आणि विद्यावेतन थेट खात्यात येत असे: बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. पुढे ही मुदत पाच महिन्यांनी वाढवली गेली. मी एका शासकीय कार्यालयात होते. विद्यावेतनाने घराला आधार झाला हे मी कृतज्ञतेने सांगते, परंतु माझ्याकडे आवक-जावक नोंदवहीखेरीज दुसरे काम आले नाही आणि मुदत संपल्यावर कोणत्या कामाचा अनुभव घेतला हे सांगणे मला अवघड गेले. माझ्यासोबतची एक मुलगी सहकारी पतसंस्थेत होती. तिला कर्जखाती, ठेवींचे व्याज, दिवसअखेरची रोकड जुळवणी हे सर्व पाहायला मिळाले आणि आज ती दुसऱ्या पतसंस्थेत लिपिक आहे. तेव्हा अशी कोणतीही योजना चालू असेल आणि आस्थापना निवडण्याची मुभा असेल, तर विद्यावेतनाच्या आधी काम कोणते मिळणार ते विचारा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात ही चौकशी समक्ष करता येते आणि रोजगार मेळाव्यांच्या तारखाही तेथेच कळतात.


पुन्हा प्रश्नकर्ती | उदगीरची पदवीधर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मध्यस्थाला मी नकार कळवला आहे.

उत्तर मिळाल्यानंतरचे तीन आठवडे मी मामांच्या हार्डवेअर दुकानाच्या एका महिन्याच्या बिलांवर काम केले. एकूण ११२ बिले होती. बँक मेळ पहिल्या चार दिवसांत जुळला नाही. एका ग्राहकाचा परत आलेला धनादेश आणि त्यावरचे बँकेचे शुल्क मामांनी कोठेच लिहिले नव्हते, ते सापडल्यावर जुळला. २बीशी ताडून पाहिल्यावर खरेदीची तीन बिले पुरवठादारांनी दाखवलेली नाहीत असे आढळले. मामांनी त्यांना फोन केले, तेव्हा एकाने चूक मान्य करून पुढच्या विवरणात ते बिल दाखवण्याचे कबूल केले. हे सगळे कागद घेऊन मी २२ तारखेला उदगीरातील दोन कार्यालयांत गेले. एका ठिकाणी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून यायला सांगितले आहे. पगार ७,५०० रुपये असून तो खात्यात जमा होईल.

आता दोन शंका आहेत. पहिला महिना विनावेतन करावा लागेल असे त्यांनी आधी सुचवले होते, नंतर स्वतःच तो आग्रह सोडला. पुन्हा तसे म्हणाले तर मान्य करावे का? दुसरे, बँकेच्या शिकाऊ उमेदवारीची जाहिरात आली तर या नोकरीत असताना मला अर्ज करता येईल का?


करसल्लागार, लातूर

विनावेतन मान्य करू नका. चाचणी म्हणून दोन-तीन दिवस बसायला हरकत नाही, पण महिनाभर जो माणूस काम करतो त्याने काम केलेले असते आणि त्याचा मोबदला दिला पाहिजे. तुमच्या तीन बिलांच्या शोधाने मामांची कराची जेवढी वजावट वाचली असेल, तेवढाच आकडा त्यांना विचारून लिहून ठेवा. पुढच्या मुलाखतीत तो कामाला येईल.


मनुष्यबळ विभाग, भोसरी

दुसऱ्या शंकेकडे वेळेवर लक्ष दिलेत हे फार चांगले झाले. अशा जाहिरातींत बहुधा अशी अट असते की, शैक्षणिक अर्हता मिळाल्यानंतर एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळाचे प्रशिक्षण किंवा नोकरीचा अनुभव असलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे इतरत्र जी गोष्ट तुमच्या आड येत होती तीच येथे पात्रता आहे, आणि रुजू झाल्यापासून तुमच्याकडे ती अकरा-बारा महिनेच राहील. त्या काळात जाहिरात आली तर अवश्य अर्ज करा आणि त्यात सध्याच्या कामाचा खरा कालावधी लिहा. रुजू झाल्याची तारीख पत्रावर स्पष्ट असेल याची काळजी एक तारखेलाच घ्या, कारण दोन्ही बाजूंनी तुम्हाला तीच तारीख सिद्ध करावी लागणार आहे.